नऊ नंबरचा ससा

आमच्या घरात शेळ्या मोजत नसत. संध्याकाळी कळप डोंगरावरून खाली उतरला की आई वाडग्याच्या तोंडाशी उभी राहायची आणि आत शिरणाऱ्या एकेकीकडे नुसती बघायची. शेवटची आत गेली की एकतर काटेरी फांदी ओढून तोंड बंद करायची, नाहीतर एखादीचं नाव घेऊन म्हणायची, "कोरी न्हाई आली," आणि माझे वडील, आबा, काठी उचलून पुन्हा वर निघायचे. किती आल्या, किती राहिल्या, हे तिला विचारलं तर तिला राग यायचा. आपली पोरं कोणी मोजतं का, म्हणायची. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून तिच्या शेजारी उभी राहून बघत आले, त्यामुळे मलाही ते येऊ लागलं. कपाळाची ठेवण, नाकपुडीचा कोपरा, चालताना कान कसा टाकते, एवढं बघितलं की पुरे. सगळी काळी करडं एका जागी उभी केली तरी त्यांतली कोण कोणाची ते मी सांगायचे. पाहुणे आले की आबा मला बोलावून हे करून दाखवायला लावायचे आणि मीही मिरवायचे.

आमचं घर घोटावड्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी. पहाटे आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने जाग यायची. नाचणीची भाकरी, ताक, लसणीचा ठेचा आणि थंडीत हुलग्याचं माडगं, एवढ्यावर आम्ही चार भावंडं वाढलो आणि कुणी अशक्त निघालं नाही. सकाळी खालच्या कारखान्याचा भोंगा झाला की शेळ्या उठून उभ्या राहायच्या, जणू त्यांचीच पाळी सुरू होणार. आमच्या अंगाला लेंड्यांचा आणि दुधाचा वास असायचा. शाळेत पोरी नाक मुरडायच्या, पण मला तो वास कधी घाण वाटला नाही. आजही कासार आंबोलीच्या माझ्या दोन खोल्यांत बसले असता रस्त्याने एखादा कळप गेला, तर मी हातातलं काम टाकून खिडकीशी जाते. पण तोंडं बघत नाही. ते का, तेच सांगायला आज बसले आहे.

त्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. मी नऊ वर्षांची असताना, धाकट्या भावाच्या वेळच्या बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी आईला ताप भरला. दात वाजेपर्यंत थंडी, घोंगड्यावर घोंगडी टाकली तरी राहीना. दुसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून आम्हाला बरं वाटलं, पण तिचे हातपाय बर्फासारखे गार पडले आणि ती कुणाला ओळखेना. कुणाच्या तरी जीपमधून तिला पौडला नेलं, तिथून पुढे शहरात. ती वाचली. ती तिकडे असताना आबांनी नवसाने देवाला बोकड बोलला होता, कपाळावर पांढरा टिकला असलेला, कळपातला सगळ्यात उमदा. पण पुढच्या जत्रेपर्यंत तो बोकड असा काही भरला की तो द्यायला आबांचा जीव होईना. त्यांनी कुठूनतरी तसाच टिकला असलेला दुसरा आणला आणि तो घेऊन आबा आणि मी गेलो. देवाच्या म्हाताऱ्या पुजाऱ्याला माझ्या नजरेची ख्याती ठाऊक होती. त्याने आबांना काही विचारलं नाही. मलाच पुढे बोलावून म्हणाला, "पोरी, ह्योच का गं त्यो?" मी आबांकडे बघितलं. ते दुसरीकडेच बघत होते. मी म्हणाले, "व्हय." परत येताना आबांनी मला रेवडीचा पुडा घेऊन दिला आणि तो मी भावंडांना न देता एकटीने संपवला.

बारावी सायन्स झाल्यावर खालच्या बाजूच्या एका प्रयोगशाळेत मला काम लागलं. माणसांना टोचायच्या औषधांची तिथे तपासणी व्हायची आणि शिवाय मोठे डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, त्यांचं स्वतःचं संशोधन चालायचं. मला ठेवलं सशांच्या खोल्यांवर. पिंजरे धुवायचे, लसूणघास आणि खाद्याच्या गोळ्या घालायच्या, पाणी बदलायचं, आणि सशाच्या कानात आतल्या बाजूने मार्करने लिहिलेला नंबर पुसट झाला की पुन्हा गिरवायचा. सगळे ससे पांढरे, सगळ्यांचे डोळे लाल. नवी माणसं गोंधळून जायची. मी आठ दिवसांत एकूण एक ओळखू लागले. ते बघून सर खूश झाले. एकदा त्यांनी पाहुण्यांसमोर नंबर झाकून माझी परीक्षासुद्धा घेतली. मी पुन्हा मिरवले.

माझ्यावर भालेराव काका होते. पौडचे, पन्नाशीच्या आसपासचे, तोंडात कायम लवंग. सशाला सुई टोचायचं काम त्यांचं. ससा कसा धरावा ते त्यांनी मला शिकवलं. मानेची कातडी आणि ढुंगण असं दोन्ही हातांत पेलून टॉवेलात गुंडाळायचा, म्हणजे तो मागचे पाय झाडून स्वतःचाच कणा मोडून घेत नाही. घाई केली की ओरडायचे, पण त्यांचा हात इतका हलका होता की कानाच्या कडेच्या शिरेत सुई गेलेली सशाला कळायची नाही. डब्यातली भाजी पहिल्यांदा मला वाढायचे. मला ते 'पोरी' म्हणायचे आणि त्यात लाड होता.

त्या वेळचं संशोधन होतं जंतूंच्या विषावर. सर समजावून सांगायचे, मी भिंतीला टेकून ऐकायचे. काही जंतू मेले तरी त्यांच्या सालीतलं विष मरत नाही. ते रक्तात उतरलं की थंडी वाजून ताप चढतो, मग रक्तदाब कोसळतो, कान-पाय गार पडतात, श्वास लागतो आणि सगळं अंग एकेक करत बंद पडत जातं. खरं म्हणजे विष एवढंसंच असतं, सर म्हणायचे, घात करतं ते आपलंच शरीर. विषाला हुसकायला म्हणून उठतं आणि घरच जाळून टाकतं. बाळंतिणी जातात त्या पुष्कळदा अशाच जातात. हे वाक्य ऐकल्यावर मला आईचे गार पाय आठवले. तरीही मी पुढे जे केलं ते केलंच.

त्या खेपेला बारा ससे होते. एक ते सहा यांच्या पिंजऱ्यांना लाल कार्डं, सात ते बारा यांना पांढरी. लाल कार्डवाल्यांना पाच दिवस रोज विषाची अगदी बारीक मात्रा टोचायची, पांढऱ्यांना नुसतं सलाइन. सातव्या दिवशी काय करायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. लाल म्हणजे वाईट आणि पांढरं म्हणजे सुटले, असं मी आपल्या मनाने धरून चालले.

चार नंबरचा ससा माझा लाडका होता. लाडकं काही ठेवू नकोस, असं काकांनी पहिल्याच दिवशी बजावलेलं. पण मी पिंजऱ्याशी गेले की हा पुढे येऊन जाळीला हनुवटी घासायचा, माझ्या हाताच्या वासाने नाक हलवत राहायचा. घरचा वास त्याला आवडत असावा. तो आला तेव्हाच कार्ड लाल निघालं. पहिल्या दिवशी टोचल्यावर तासाभरात तो कोपऱ्यात गोळा होऊन बसला. कान पाठीला चिकटलेले, अंगावरचे केस उभे, घास समोर पडलेला. थर्मामीटर लावला तर ताप चढलेला. असं अजून चार दिवस, हा विचार मला सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले. नऊ नंबरचा ससा चणीने, वजनाने अगदी चारसारखाच होता. तो कुणाचा लाडका नव्हता, माझ्या तर नव्हताच. मी दोघांच्या कानातले नंबर स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, चारच्या कानात नऊ लिहिलं, नऊच्या कानात चार आणि त्यांचे पिंजरे बदलले. पाच मिनिटांचं काम. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, हे मुद्दाम लिहिते, म्हणजे माझं वय पुढे करून कुणी मला सोडवायला नको. त्या बोकडाची मला तेव्हा आठवण झाली का? झाली. आणि मनात आलं की त्या वेळी देवाचंसुद्धा काही बिघडलं नव्हतं.

पुढचे चार दिवस मी खुशीत होते. माझा ससा नऊ नंबर होऊन सलाइन घेत होता, पुन्हा खाऊ लागला होता, हनुवटी घासत होता. खऱ्या नऊला त्याच्या पहिल्या मात्रेला ताप भरला, मग कमी, मग आणखी कमी. लाल कार्डवाले सगळेच हळूहळू सरावत चालले होते. हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. शेळीच्या नाकपुडीचा कोपरा ओळखणाऱ्या माझ्या नजरेला त्याचा अर्थ मात्र कळला नाही.

सातव्या दिवशी सकाळी काका टेबलाशी एकाच बाटलीतून एकामागून एक सिरिंजा भरत होते. मी मोजल्या. बारा. मी विचारलं, पांढऱ्यांनाही? ते लवंग चघळत म्हणाले, "सगळ्यांना. मोठी मात्रा. आजच तर खरं बघायचं. ज्यांना रोज थोडं थोडं दिलंय ते टिकत्यात, बाकीचे जात्यात, असं सरांचं म्हणणं हाय. अंग शिकून घेतं म्हणं."

मी टॉवेल उचलला. काका, थांबा, एवढे दोनच शब्द हवे होते. ते म्हटले असते तर नोकरी गेली असती, सरांची बोलणी खाल्ली असती, आणखी काय झालं असतं? एकेक ससा टेबलावर येत गेला. धरायचं काम माझं होतं. नवव्याची पाळी आली तेव्हा मीच पिंजरा उघडला. तो पुढे आला आणि त्याने माझ्या मनगटाला हनुवटी घासली. मी त्याला टॉवेलात गुंडाळला, घट्ट धरला, जसं काकांनीच शिकवलं होतं तसं, आणि काकांनी हलक्या हाताने टोचलं. टोचून झाल्यावरही मी त्याला सोडीना, तेव्हा ते म्हणाले, "ठिव आता, पोरी. दहावा आण."

दुपारपर्यंत पांढऱ्या कार्डांच्या ओळीत एकेक ससा आडवा होऊ लागला. आधी थरथर, मग धाप, मग कान हातात घेतले तर कपाटातल्या कपड्यासारखे गार. चार वाजेपर्यंत त्यांतले पाच गेले. लाल कार्डवाले सहाही मलूल होते, पण बसलेले होते आणि संध्याकाळी त्यांतल्या दोघांनी घास तोंडात घेतला. माझा ससा मात्र गेला नाही. त्याला ती पहिल्या दिवशीची एकच बारीक मात्रा मिळाली होती ना. त्याच्या अंगाने एक दिवसापुरतंच शिकून घेतलं होतं. वाचायला ते पुरेसं नव्हतं आणि लवकर सुटूही देईना. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा तो कुशीवर पडून श्वास घेत होता आणि अकरा वाजायच्या सुमाराला तो थांबला. मी काहीच केलं नसतं, तर तो इतर लाल कार्डांबरोबर घास खात बसला असता. मी त्याला वाचवायला गेले नसते तर तो वाचला असता. इतक्या वर्षांत मी हे वाक्य मनात बऱ्याच प्रकारांनी उलटंसुलटं करून पाहिलं. प्रत्येक वेळी अर्थ तोच निघतो.

सरांनी नोंदी बघितल्या आणि ते चिडले नाहीत, एकेक प्रश्न विचारत गेले. नऊ नंबरला दुसऱ्या दिवशी सलाइन असताना अंगात बारीक ताप का? तो इतरांपेक्षा अर्धाअधिक दिवस जास्त का टिकला? आणि चार नंबरला दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखाच ताप का? दोनच गोष्टी शक्य आहेत, ते म्हणाले. एक तर सुया बदलल्या, नाहीतर ससे. काका टेबलाच्या पलीकडे उभे होते. त्यांनी शांतपणे सांगितलं की सुया ते स्वतः नंबर बघून लावतात, आजवर चुकलेलं नाही.

मग सर माझ्याकडे वळले. ट्रेमध्ये माझा ससा होता, एका बाजूला कलंडलेला. शेजारच्या पिंजऱ्यात खरा नऊ नंबर, कानात चारचा आकडा घेऊन. सर म्हणाले, "नंबर राहू दे. तू तोंडावरून ओळखतेस. नीट बघ. हा नऊच ना? आणि तो चार?"

मी वाकून दोघांकडे बघितलं, अगदी जवळून, जणू खरंच ओळखते आहे. खोटेपणाचं ते नाटक मला सगळ्यात जास्त टोचतं. त्याची गरजसुद्धा नव्हती. ट्रेमधल्याच्या हनुवटीखालचे केस जाळीला घासून जरासे विरळ झाले होते. मी म्हणाले, "हो सर. हा नऊ. तो चार."

"मग सुयाच," सर म्हणाले आणि वही मिटली.

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात संशय असता तर बरं झालं असतं. त्यांना स्वतःबद्दलच शंका आली होती. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत, कुणाला उद्देशून नाही असं, हळूच म्हणाले, "माझ्याकडनंच झालं असंल मग. पोरीची नजर चुकत न्हाई." सगळा प्रयोग पहिल्यापासून करायचा ठरलं. म्हणजे आणखी बारा ससे. काकांना सुयांवरून काढून काचसामान धुण्याकडे पाठवलं. आणि त्यांच्या जागी टोचायला शिकवलं मला, कारण मी सायन्स शिकलेली होते आणि माझ्यावर विश्वास होता. शिकवायला सरांनी काकांनाच सांगितलं. त्यांनी कसूर न करता शिकवलं, फक्त स्वतः सुई हातात धरली नाही.

त्या संध्याकाळी घरी गेले तर आई वाडग्याशी उभी होती. कळप आत शिरला आणि तिने सवयीने मला विचारलं, "कोण न्हाई आलं गं?" मी बघितलंच नव्हतं. मी म्हणाले, ठाऊक नाही. ती म्हणाली, "डोळं गेलं का तुजं?" आणि फांदी ओढायला वाकली. तिला सांगावं असं तेव्हा फार वाटलं. पण सांगायचं तर बोकडापासून सांगावं लागलं असतं आणि तिच्यासाठीच बोललेल्या बोकडाची गोष्ट आबांनी तिला कधी कळू दिली नव्हती. नवे बारा ससे आले तेव्हा मी त्यांचे कान उघडून फक्त आकडे वाचले. सरांचं म्हणणं दुसऱ्या खेपेला बरोबर निघालं. लाल टिकले, पांढरे सहाही गेले. त्या वेळी धरायला दुसरी मुलगी होती आणि सुई माझ्या हातात होती. मी निवृत्त होईपर्यंत तिथेच काम केलं. माझा हात हलका आहे, असं सगळे म्हणत.

भालेराव काका पुढे वर्षभरात नोकरी सोडून गेले. बऱ्याच वर्षांनी ते मला पौडच्या स्टँडवर भेटले. केस पांढरे, तोंडात लवंग तीच. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी पिशवीतली दोन सीताफळं काढून माझ्या हातात कोंबली. मुलांची, सरांची, कुणाकुणाची चौकशी झाली. मी मनाशी ठरवत होते की आता बोलायचं, आत्ता, गाडी लागायच्या आधी. तेवढ्यात तेच म्हणाले, "तुला सांगतो पोरी, त्या येळी तू व्हतीस म्हणून बरं झालं. दुसरं कुणी असतं तर मी भांडलो असतो. माझा हात चुकला, हे मला पटलंच नसतं. तू सांगितलंस, तवा पटलं." मग हसून म्हणाले, तेव्हापासून घरी नातवाला तापाचं औषध द्यायचं असलं तरी ते चमचा सुनेच्या हातात देतात.

गाडी लागली. मी त्यांचा हात धरून त्यांना पायऱ्या चढवल्या, खिडकीशी जागा करून दिली. खाली उतरून उभी राहिले, तेव्हा ते काचेतून खूण करत होते, सीताफळं पिकलीत, आजच खा म्हणून. मी मान हलवली. घरी आले आणि दोन्ही एकटीनेच खाल्ली.